ध्रुवाकडे जाऊन आलेली पितळी तिवई

मी एक जुनी पितळी तिवई आहे. वयानं आठच वर्षांची, पण माझ्या अंगावरून जे गेलं आहे ते ऐकलंत तर तुम्हीही मला जुनीच म्हणाल.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात हंबीरराव मालकांचा कारखाना आहे. त्याच्या ऑफिसात शिरलं की डाव्या हाताला काचेचं कपाट आहे आणि त्या कपाटात मी उभी आहे. वर निळ्या अक्षरांची पाटी आहे, ‘दक्षिण ध्रुवाकडे जाऊन आलेली कोल्हापूरची तिवई’. मित्रांनो, तुमच्या शाळेची सहल आली की मालक तुम्हाला माझ्यापुढे रांगेनं उभं करतात, छाती फुगवून माझी गोष्ट सांगतात आणि शेवटी प्रत्येकाच्या हातावर राजगिऱ्याचा लाडू ठेवतात. ते सांगतात ती गोष्ट अर्धी असते. उरलेली अर्धी मी सांगते. लाडू खाऊन झाला असेल तर ऐका.

आधीच सांगते, ती गोड नाही. माझ्यामुळे एका भल्या माणसाचं नाव खराब झालं आणि ते अजून तसंच आहे.

आमचा कारखाना मुळात गुऱ्हाळाच्या चरकांचा. ऊस पिळणारे ते धिप्पाड लोखंडी चरक इथून पन्हाळ्याकडे जातात, खाली कर्नाटकात जातात. अशा लोखंडाच्या राज्यात माझ्यासारखीचा जन्म व्हावा हे नवलच. झालं असं, की एका संशोधन संस्थेचं पत्र आलं. अंटार्क्टिकातल्या केंद्रावर त्यांना पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू करायची होती.

तुम्ही होकायंत्र बघितलं असेल. त्याची सुई उत्तर दाखवते, कारण पृथ्वी हाच एक मोठा चुंबक आहे. पण हा चुंबक एकसारखा राहत नाही. तो दिवसात बदलतो, वर्षात बदलतो आणि सूर्यावर वादळ उठलं की थरथरतो. ते समजून घ्यायचं तर एकाच जागी एकच यंत्र, तसूभरही न हलवता, वर्षानुवर्षं ठेवावं लागतं. संस्थेनं अकरा वर्षं ठरवली होती, कारण सूर्यावरच्या वादळांचं एक चक्र साधारण तेवढ्यात पुरं होतं. यंत्र जेवणाच्या डब्याएवढं. पण ते ज्यावर बसणार त्या तिवईत लोखंडाचा कणही चालणार नव्हता. लोखंड जवळ आलं की ते यंत्र पृथ्वीचं सोडून त्या लोखंडाचंच ऐकायला लागतं.

मला घडवलं बाळासोंनी. चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला टर्नर. पत्र वाचून दाखवल्यावर ते मालकांना म्हणाले, “भंगारातलं पितळ चालायचं न्हाय. त्यात काय काय मिसळल्यालं असतंय. कोरं तांबं आणा, कोरं जस्त आणा, हितंच ओतूया.”

मग त्यांनी दोन दिवस नुसता लेथ पुसला. लोखंडाचा कीस फटीफटीतून ब्रशनं काढला. माझे तीन पाय पोकळ केले. प्रत्येक पायाच्या तळाला आट्यांचं बूच बसवलं आणि बुचातून खाली येणारा एक स्क्रू ठेवला. तो जरासा फिरवला की मी वर-खाली होते आणि माझ्यावरचं यंत्र समपातळीत येतं. प्रत्येक तुकडा झाला की बाळासो दोऱ्याला बांधलेला चुंबक त्याच्याजवळ धरायचे आणि श्वास रोखून बघायचे. दोरा सरळ राहिला की मगच पुढचा तुकडा हातात घ्यायचे. सगळं झाल्यावर त्यांनी माझ्या वरच्या चकतीच्या कडेला पंचानं एकेक अक्षर ठोकून ‘कोल्हापूर’ लिहिलं. इतक्या मायेनं मला पुन्हा कुणी हात लावला नाही. म्हणूनच पुढे त्यांनी जे केलं ते मला सर्वांत जास्त लागलं.

आमच्या कारखान्याचा एक रिवाज आहे. इथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक चरकाच्या पोटात घोड्याच्या नालेचा एक खिळा टाकतात. दृष्ट लागू नये म्हणून. मालकांचे वडील गणपतराव यांनी तो सुरू केला. खिळा टाकल्याचं गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, सांगितलं तर त्याचा गुण जातो म्हणे. आजवर बिनखिळ्याचा एकही चरक या दारातून गेलेला नाही.

मी पेटीत जायच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती. लेथ, ड्रिल, वजनकाटा, सगळ्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा होत्या. मलाही हळदकुंकू लावलं. बाळासो मालकांना बाजूला घेऊन म्हणाले, “मालक, ह्या बारीला खिळा नको बरं का. हिला लोखंड चालत न्हाय.”

“आरं कळतंय की मला! मी काय खुळा हाय व्हय?” मालक हसून म्हणाले.

सगळे प्रसादाला गेल्यावर मालक एकटेच परत आले. त्यांनी माझ्या एका पायाचं बूच काढलं. खिशातून तांबड्या चिंधीत गुंडाळलेला खिळा काढला. “इवलासा तर हाय,” ते मला म्हणाले. “एवढ्या लांब निघालीस तू. बिनखिळ्याची कशी धाडू? माझ्या बाचा रिवाज माझ्या हातनं मोडायला नको.” त्यांनी तो आत टाकला, बूच घट्ट केलं आणि मला नमस्कार केला. त्यांचे डोळे भरून आले होते. हे त्यांनी वाईट मनानं केलं नाही, एवढं मी मान्य करते. पुढचं मात्र मान्य करणार नाही.

ट्रक, बोट, विमान आणि पुन्हा बोट असा माझा प्रवास झाला. समुद्रात आमची पेटी महिनाभर हिंदकळत होती. त्यात ती चिंधी सुटली आणि खिळा माझ्या पायात मोकळा झाला. तो स्क्रूच्या टोकाला टेकून पडला. मला ते कळत होतं. पण मला पाय तीन आहेत, तोंड एकही नाही.

पेटी उघडली नागसेननं. तो आपल्या पेठ वडगावचा. वडील लवकर गेलेले, आई पारूबाई लोकांचे कपडे शिवणारी. आयटीआय करून, मग रात्रीच्या वर्गांना जाऊन डिप्लोमा करून तो संस्थेत तंत्रज्ञ म्हणून लागला होता. केंद्रावर वर्षभर राहून ही मोजणी उभी करायचं काम त्याच्याकडे आलं होतं. माझ्यावरची अक्षरं वाचून तो मोठ्यानं हसला. “आगं, तू बी आमच्याकडचीच की! ह्या बर्फात मराठी बोलायला कोण तरी गावलं म्हणायचं.”

तेव्हापासून तो माझ्याशी बोलायचा. मी ऐकायची.

केंद्राच्या इमारतींपासून चारशे पावलांवर, उघड्या खडकावर त्यानं आमची लाकडी खोली उभी केली. तिच्यात लोखंडी खिळा एकही नव्हता. सगळे सांधे लाकडी खुंट्यांचे आणि पितळी स्क्रूंचे. मधे खडकातून वर आणलेला काँक्रीटचा खांब. त्याची वाळूसुद्धा त्यानं चाळून, तपासून घेतली होती. त्या खांबावर माझे पाय ठेवले, स्क्रूंखालच्या चकत्या कायमच्या चिकटवल्या आणि माझ्या डोक्यावर यंत्र बसवलं. तिथून केबल केंद्रापर्यंत गेली. तिकडे पडद्यावर एक रेघ उमटायला लागली, चोवीस तास, न थांबता.

आठवड्यातून दोनदा नागसेन खोलीत यायचा. तापमान बघायचा. पाणसळीतला बुडबुडा मधोमध आहे का ते बघायचा आणि थंडीनं तो सरकला असेल तर माझा स्क्रू चिमूटभर फिरवायचा. येताना अंगावर लोखंडाचा कणही असू नये म्हणून त्याची केवढी खटपट! घड्याळ, किल्ल्या, चाकू, पेन तो दोनशे पावलं आधीच एका लाकडी पेटीत ठेवायचा. चष्म्याच्या काड्यांतले बारीक स्क्रू काढून त्यानं तिथे दोरा गुंडाळला होता. कोटाला चेन नव्हती, बटणंही नव्हती. पारूबाईंनी वडगावात बसून त्या जाड कोटाला कापडी बंद शिवून दिले होते. उणे तीस अंशांत, बधिर बोटांनी ते बंद बांधायला त्याला दहा मिनिटं लागायची. बाकीचे लोक त्याला हसायचे. तोही हसायचा.

“ह्या वहीच्या पहिल्या पानावर निरीक्षक म्हणून माझं नाव हाय,” तो मला सांगायचा. “अकरा वर्षांनी जगातली मोठी मोठी माणसं ही वही उघडतील. माझी शिवानी तवर कॉलेजात असंल. तिला म्हणीन, बघ, सुरुवात तुझ्या पप्पानं केली.” त्याला एवढंच हवं होतं. त्या वहीत आपलं नाव स्वच्छ असावं.

दुसऱ्याच महिन्यात रेघ बिघडली.

सरळ चाललेली रेघ मधेच पायरी चढल्यासारखी उडायची आणि मग त्या नव्या उंचीवर चालत राहायची. चार दिवसांनी पुन्हा उडी. संस्थेतल्या डॉ. पूर्णिमा या मोजणीच्या प्रमुख होत्या. त्यांनी तारखा जुळवून बघितल्या. उडी यायची ती नेमकी नागसेन खोलीत गेला त्याच दिवशी, त्याच मिनिटाला.

त्यांनी कळवलं, तुमच्या अंगावर लोखंड जात असणार, नीट तपासा. नागसेननं बुटांच्या तळव्यांचे टाकेसुद्धा उसवून बघितले. दाताच्या डॉक्टरनं भरलेली एक दाढ होती, ती कशानं भरली होती ते बायकोला फोन करून विचारायला लावलं. काही सापडलं नाही. तो आला, त्यानं स्क्रू चिमूटभर फिरवला, माझ्या पायातला खिळा घसरून दुसरीकडे वळला आणि तिकडे रेघ उडाली.

मग केंद्रप्रमुखांनी एक चाचणी घेतली. चाचणी अगदी न्यायाची होती, हेच तिचं वाईट. गाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक, दिवसभर लोखंडात हात घालणारा माणूस, त्याला धुऊनपुसून, कपडे बदलून तीनदा खोलीत पाठवलं. त्याला एवढंच सांगितलं होतं, की आत जा, तापमान वाच, कशाला हात लावू नको आणि परत ये. तिन्ही वेळा रेघ सरळ राहिली. झालं! मेकॅनिक गेला तर काही नाही, नागसेन गेला तर उडी. आणखी काय पुरावा पाहिजे?

नागसेन मात्र विचार करणारा माणूस होता. माझ्यासमोर खाली बसून त्यानं बोटं मोजली. “मी जातो तवा उडत न्हाय,” तो हळूच म्हणाला. “मी स्क्रू फिरवतो तवा उडतंय. म्हंजे खोट माझ्यात न्हाय, तुझ्यात हाय. व्हय की न्हाय गं?”

व्हय! व्हय! मी ओरडले असते तर!

त्यानं लगेच पूर्णिमाबाईंना लिहिलं, की तिवईच्या पायात काहीतरी आहे, बूच काढून बघायची परवानगी द्या. मेकॅनिकलाच एकदा स्क्रू फिरवू द्या, असंही त्यानं केंद्रप्रमुखांना सांगितलं, पण न शिकलेल्या हाताला यंत्राजवळ जाऊ द्यायला ते तयार झाले नाहीत. बूच काढायचं तर चिकटवलेल्या चकत्या फोडाव्या लागणार होत्या, आणि एकदा मी जागची हलले की तोपर्यंतची सगळी मोजणी तुटणार होती. बाहेरून चुंबक धरून बघावं, तर चुंबकानं यंत्रच बिघडलं असतं. बाई काही वाईट नव्हत्या. त्यांनी सांगितलं, आधी बनवणाऱ्यांना विचारते, त्यांचं उत्तर येईपर्यंत हात लावू नका. त्यांनी कोल्हापूरला रीतसर पत्र पाठवलं. नागसेननंही केंद्रावरून हंबीररावांना फोन लावला. त्या फोनवर काय झालं ते मला पुढे कारखान्यातच कळलं.

“साहेब, मी वडगावचाच हाय. तिवईत चुकून लोखंड कुठं ऱ्हायलंय का, तेवढं आठवून सांगा. नोकरीचं सोडा, माझं नाव चाललंय.”

“छ्या छ्या! काय बोलताय पावणं? आमच्या बाळासोनं चुंबक लावून बघितलंय की. कोल्हापूरचा माल हाय त्यो. जगात भारी!”

मालकांना तेव्हाच खिळा आठवला होता. फोन ठेवल्यावर त्यांनी गणपतरावांच्या तसबिरीला हात जोडले, असं तिथल्या शिपायानं बाळासोंना सांगितलं. आणि मग त्यांनी कारखान्याच्या छापील कागदावर, सही-शिक्क्यानिशी संस्थेला उत्तर लिहिलं, ‘आमच्या मालात लोखंडाचा कणही नाही याची आम्ही हमी देतो.’ खिळा टाकला तो मायेनं. हे पत्र लिहिलं ते भीतीनं आणि मोठेपणापायी. मित्रांनो, पहिल्याला मी चूक म्हणते. दुसऱ्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

ते पत्र आल्यावर परवानगी नाकारली गेली. त्या दिवशी नागसेन पितळी पाना घेऊन खोलीत आला. माझ्यासमोर उभा राहिला. पाना बुचाला लावला. एक जोर द्यायचा अवकाश होता. मला वाटत होतं, मोड रे तो हुकूम, मोड! पण त्यानं पाना काढून घेतला. “मोडलं आन् आत काय न्हाय निघालं, तर अकरा वर्षांची मोजणी माझ्या हातनं बुडाली म्हनतील,” तो म्हणाला. आयुष्यभर नियम पाळून वर आलेला माणूस होता तो. एक नियम चुकला तर आपल्याला माफी नसते हे त्याला घरातूनच माहीत होतं. तो पाना कोटात गुंडाळून निघून गेला. ज्या माणसानं त्या बर्फात सगळे नियम पाळले, त्याच्याबद्दल अहवालात लिहिलं गेलं, ‘निरीक्षकाच्या हलगर्जीपणामुळे पहिल्या वर्षाची मोजणी रद्द.’

वर्ष संपलं तशी नवी तुकडी आली. नवा निरीक्षक आला आणि त्याच्याबरोबर परदेशातून नवी तिवईही आली, कारण मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची तर सगळंच नवं असू द्या असं कुणीतरी सुचवलं होतं. मला खांबावरून काढलं आणि पेटीत घातलं. रेघ लगेच सरळ झाली, ती आजपर्यंत सरळ आहे. दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, माणूस आणि तिवई. फरक कशामुळे पडला हे शोधायचं तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी लागते, हे तुम्हाला सातवीच्या विज्ञानातही शिकवतात. तिथे एवढे शिकलेले लोक होते, एकालाही ते आठवलं नाही. माणूस बदलला म्हणून रेघ सुधारली, असंच सगळ्यांनी धरलं.

संस्थेत नागसेनला पुन्हा मोजणीचं काम दिलं नाही. त्याला भांडारात बसवलं. वर्षभरानं तो नोकरी सोडून वडगावला आला. आता तो गावोगावच्या डेअऱ्यांतली दुधाची फॅट मोजणारी यंत्रं दुरुस्त करतो.

आणि मी? माझं काय विचारता! मालकांनी मला संस्थेकडून मागून घेतलं. गुलाल उधळून, हलगी वाजवून मला ऑफिसात आणलं. पेपरात फोटो छापून आला. कपाट झालं, पाटी झाली. कुणी विचारलं, की तिकडे मोजणी बिघडली होती म्हणे, तर मालक सांगायचे, “आमचा माल खणखणीत होता. तितल्या मानसानं घोळ घातला.” एकदा एका पाहुण्यांनी त्या माणसाचं नाव विचारलं. मालकांनी सांगितलं. नागसेन हे नाव ऐकून पाहुणे ‘अस्सं’ म्हणाले आणि दोघं हसले. त्या हसण्याचा अर्थ तुम्हाला मोठेपणी कळेल. न कळला तर बरंच.

मला खूप लखलखीत ठेवतात. पण त्या लखलखाटाखाली माझ्या पायात तो खिळा तसाच होता. यंदा खंडेनवमीच्या आधी नवं कपाट करायचं ठरलं, म्हणून बाळासोंनी मला बाहेर काढलं आणि पहिल्यांदाच घासायला उलटं केलं. आत ‘टिक’ असा आवाज झाला.

बाळासो थांबले. त्यांनी मला पुन्हा सरळ केलं, पुन्हा उलटं केलं. पुन्हा टिक. मग ते लेथच्या कप्प्यातून दोऱ्याचा चुंबक घेऊन आले. दोरा माझ्या पायाकडे झुकला.  त्यांनी बूच काढलं. तळहातावर तांबड्या चिंधीचा तुकडा आणि नालेचा खिळा पडला.

ते तसेच मालकांसमोर गेले. “मालक, म्या सांगितलं हुतं तुमास्नी.”

मालकांनी खिळा बघितला आणि दार लावून घेतलं. “बाळासो, झालं गेलं. आता तोंड उघडून काय मिळणार? पाटी उतरवायची? कारखान्याचं नाव घालवायचं?”

“त्या पोराचं नाव गेलं की ओ!”

“हळू बोल. तुझा राजवीर हितंच कामाला हाय, ध्यानात ऱ्हाऊ दे.” मालकांनी खिळा उचलून खिशात टाकला.

राजवीर हा बाळासोंचा मुलगा. बाळासो बाहेर गेले. मला वाटलं, संपलं. पण नाही. पुढच्या सुट्टीच्या दिवशी ते एसटीनं वडगावला गेले, नागसेनचं घर शोधून काढलं आणि त्याला सगळं सांगून आले. हे मला कळलं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळीच नागसेन आमच्या ऑफिसच्या दारात उभा होता.

किती बदलला होता तो! कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते. माझ्याकडे त्यानं एकदाच बघितलं.

“या या पावणं, बसा. चहा घेणार का ताक?” मालकांनी खुर्ची पुढे केली.

नागसेन उभाच राहिला. “चहा नको साहेब. दोन ओळी लिहून द्या. तिवईत खिळा तुमच्या हातनं पडला हुता म्हणून. ज्या कागदावर लोखंड न्हाय म्हणून लिहिलंत, तसल्याच कागदावर. ती वही अजून छापायची हाय. चार वर्षं हायत. पहिल्या वर्षापुढं माझ्या नावानं हलगर्जीपणा लिहिलंय, तेवढं निघंल.”

मालकांनी खुर्ची आणखी पुढे सरकवली. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “हे बघा, तुमचं वाईट झालं, मला कळतंय. आमच्यात या की कामाला. तपासणी खात्याचं साहेब करतो तुमाला. आणि ह्या पाटीवर तुमचं नाव घालू, सोनेरी अक्षरात. शाळंची पोरं येत्यात, वाचतील.”

“माझं नाव लागलंय की साहेब, त्या अहवालात,” नागसेन म्हणाला. “तितलं काढा. हितं लावू नका.”

मालकांचा चेहरा बदलला. “आन् खिळा कसला म्हनता? कुठाय खिळा? कुणी बघितलाय?”

नागसेन दाराकडे वळला. तिथे बाळासो उभे होते. हातात पितळ पुसायच्या कापसाचा बोळा होता. “मामा, सांगा ह्यांना.”

बाळासोंनी मालकांकडे बघितलं. मग कारखान्याच्या काचेतून पलीकडे बघितलं. तिथे राजवीर लेथवर वाकून काम करत होता. मग त्यांनी मान खाली घातली.

“म्या काय बगितलं न्हाय.”

मित्रांनो, मला तेव्हा माझ्या अंगाची लाज वाटली. ज्या हातांनी माझा एकेक तुकडा श्वास रोखून तपासला, ते हात तो कापूस कुस्करत होते.

नागसेन ओरडला नाही. हात उगारला नाही. त्यानं चपला घातल्या. जाता जाता तो बाळासोंजवळ थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, “मामा, काल आमच्या आईच्या हातचं जेवून सांगितलंसा की ओ.”

एवढं बोलून तो गेला. मालकांनी पंखा मोठा केला आणि चहा एकच सांगितला.

आता रिवाजाप्रमाणे मी तुम्हाला सांगायला हवं, की जुन्या वस्तूंची निगा राखा, त्यांना अडगळीत टाकू नका. मला नाही सांगायचं. माझी निगा फार छान राखतात. दर शनिवारी चिंच लावून घासतात, मऊ कापडानं पुसतात, काचेवर बोटाचा ठसा उमटू देत नाहीत. आणि ज्यानं बंद बांधून बांधून बोटं फोडून घेतली त्या माणसाची निगा कुणीही राखली नाही. मला पुसताना बाळासो हल्ली माझ्याकडे बघत नाहीत. त्यांचा मला राग येतो, आणि त्यांचा राग आला की मलाच वाईट वाटतं.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. इथे येणारी सगळी मुलं मालकांना विचारतात, तिकडे पेंग्विन होते का. तुम्ही मालकांना काही विचारू नका. मागे वळा. दाराशी एक म्हातारे टर्नर उभे असतात. त्यांना विचारा, नागसेन कोण होता? सगळ्यांनी मिळून, मोठ्यानं विचारा. एका माणसाला नाही म्हणणं त्यांना जमलं. चाळीस मुलांच्या तोंडाकडे बघून ते जमतं का, ते मला बघायचं आहे.